‘समोरचं विमान दिसतंय’ एवढ्यावर भागत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्याचा नकाशा समोर असेल तर चिपी, मोपा आणि दाबोळी या तीन विमानतळांवर बोट ठेवून बघा. मोपा ते दाबोळी सरळ रेषेत साधारण ४० किलोमीटर. मोप्याहून सीमेपलीकडचं, सिंधुदुर्गातलं चिपी ४५च्या आसपास. चिपी ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झालं, मोप्याला ५ जानेवारी २०२३पासून प्रवासी विमानं उतरू लागली, आणि दाबोळी तर आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. दहा हजार फुटांखाली जेट विमानाला सहसा २५० नॉटची, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटरची वेगमर्यादा असते. त्या वेगानं दाबोळी ते मोपा हे अंतर पाच-सव्वापाच मिनिटांचं. याच पट्ट्यात नौदलाची मिग-२९के आणि डॉर्नियर विमानं, तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरं, शिवाय अधूनमधून एखादं छोटं खासगी विमान. दाबोळीचं हवाई नियंत्रण नौदलाकडे, मोप्याचं भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. अशा आकाशात छोटं विमान आणि प्रवासी जेट एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून काय करावं लागतं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

वास्को-मुरगावच्या जुन्या मंडळींना १ ऑक्टोबर २००२ चा दिवस आठवत असेल. नौदलाची दोन आयएल-३८ विमानं दाबोळीजवळ हवेतच एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले मिळून १२ जण गेले, खाली जमिनीवरही माणसं दगावली. ती विमानं स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवासाठी मुद्दाम जवळजवळ उडत होती, म्हणून कारणाच्या दृष्टीनं तो अपघात वेगळा. पण आकाशातली टक्कर खालच्या वस्तीवर काय आणते, हे आपण आपल्याच गावात पाहिलेलं आहे.

आता अमेरिकेतल्या सॅन डिएगोची एक घटना थोडी सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे. २५ सप्टेंबर १९७८. सकाळचे नऊ, आकाश स्वच्छ, लांबपर्यंत नजर पोचत होती. पीएसए कंपनीचं बोईंग ७२७ उतरायला येत होतं. त्याच परिसरात एक सेसना १७२ होतं. उपकरणांवर बघून उतरण्याचा सराव त्यात चालला होता, शेजारी प्रशिक्षक होता. नियंत्रकानं जेटच्या वैमानिकांना पुढच्या छोट्या विमानाची कल्पना दिली. त्यांनी ते दिसल्याचं कळवलं. मग त्यांना सांगण्यात आलं, नजरेनंच अंतर राखा. सेसनालाही कळवलं, मागच्या जेटला तुम्ही दिसताय. सगळं रीतसर झालं. त्यानंतर काही क्षणांत जेटच्या वैमानिकांच्या नजरेतून सेसना निसटलं. ते उजवीकडून निघून गेलं असावं, असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात ते पुढे, किंचित खाली होतं, आणि सांगितलेल्या दिशेपासून वळलेलंही होतं. नियंत्रण कक्षात धोक्याचा इशारा वाजला, तेव्हा टकरीला १९ सेकंद उरली होती. पण वैमानिकांना दिसतंय ना, मग काळजी कशाला, असं धरून कोणी त्यांना काही कळवलं नाही. सुमारे २,६०० फुटांवर दोन्ही विमानं भिडली. जमिनीवरचे सात धरून १४४ माणसं गेली.

हे वैमानिक हलगर्जी होते, असं मी म्हणणार नाही. माणसाच्या डोळ्याची घडणच अशी आहे. हलणारी वस्तू डोळा पटकन टिपतो, स्थिर वस्तू त्याच्या लक्षात येत नाही. आणि जे विमान तुमच्यावर नेमकं आदळणार असतं, ते काचेत हलतच नाही! ते एका जागी ठिपक्यासारखं राहतं आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत भसकन मोठं होतं. अमेरिकी विमान प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार वस्तू दिसणं, ते विमान आहे हे उमगणं, धोका कळणं, हात हलणं आणि विमान वळणं, या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद लागतात. ताशी ३०० किलोमीटरचं जेट आणि ताशी २०० किलोमीटरचं सेसना समोरासमोर आली, तर तेवढ्या वेळात त्यांच्यातलं पावणेदोन किलोमीटर अंतर संपतं. त्या अंतरावरून सेसनाचे ११ मीटरचे पंख पौर्णिमेच्या चंद्राइतकेही रुंद दिसत नाहीत. त्यात सेसनाचे पंख डोक्यावर, म्हणजे त्याच्या वैमानिकाला वरचं दिसत नाही. आणि जेटच्या वैमानिकाला नाकाखालचं. हिवाळ्यातल्या सकाळी आपल्या किनाऱ्यावर धुरकट हवा असते, तेव्हा काय होत असेल ते तुम्हीच बघा.

पुढे ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर एक छोटं पायपर विमान परवानगीशिवाय मोठ्या विमानांच्या राखीव हद्दीत शिरलं आणि एरोमेक्सिकोच्या डीसी-९ ला धडकलं. ८२ बळी. पायपरमध्ये ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देऊन विमानाची ओळख पटवणारं यंत्र होतं, पण ते उंची कळवत नव्हतं. यानंतर अमेरिकेत दोन गोष्टी झाल्या: मोठ्या विमानतळांभोवती उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा झाला, आणि प्रवासी विमानांना टीकॅस बसवणं बंधनकारक झालं. टीकॅस म्हणजे जवळच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरशी बोलून, धोका दिसला की एकाला ‘वर जा’, दुसऱ्याला ‘खाली जा’ असं सांगणारं यंत्र. आपल्याकडे चरखी दादरीच्या आकाशात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दोन मोठी विमानं आदळून ३४९ माणसं गेली, त्यानंतर ते सक्तीचं झालं. इतकी माणसं जावी लागली तेव्हा कुठे, हे मला आजही खुपतं.

पण टीकॅसवर सगळा भार टाकता येत नाही. छोट्या विमानाचा ट्रान्सपॉन्डर बंद असेल तर टीकॅसच्या लेखी ते विमान आकाशात नाहीच. आणि जमिनीपासून हजारेक फुटांखाली टीकॅस चढा-उतराचा आदेश देत नाही. तिथे खाली जायला जागाच नसते. म्हणजे धावपट्टीजवळ, जिथे गर्दी सर्वांत जास्त, तिथेच ते हात आखडतं. २९ जानेवारी २०२५च्या रात्री वॉशिंग्टनला हेच झालं. लष्कराच्या हेलिकॉप्टरनं जेट दिसत असल्याचं कळवून नजरेनं अंतर राखायची परवानगी घेतली होती. त्या मार्गावर २०० फुटांची मर्यादा असताना ते त्याहून वर होतं. दोन्ही आदळून ६७ जण गेले. सॅन डिएगोनंतर ४६ वर्षांनी, पुन्हा नजरेवरच विसंबून! नंतरच्या चौकशीत निघालं की तिथे ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात विमानं आणि हेलिकॉप्टरं एकमेकांच्या जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी आधीच पडून होत्या. नोंदी होत्या, त्या वेळेवर कोणी वाचल्या नाहीत. मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो तो हा आकडा.

म्हणून छोटं विमान चालवणाऱ्या, किंवा उड्डाण शिकायला निघालेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे. ट्रान्सपॉन्डर चालू आणि उंची कळवणाऱ्या स्थितीत आहे, हे जमिनीवरच तपासा. विमानतळाच्या हद्दीत शिरण्याआधी नियंत्रकाशी बोला, शिरल्यावर नको. आपण कुठे, किती उंचीवर, कुठे निघालो, हे थोडक्यात सांगा. दिलेली उंची शंभर फुटांनीही सोडू नका. नियंत्रकानं दाखवलेलं विमान क्षणभर जरी नजरेआड झालं, तर ‘आता दिसत नाही’ हे लगेच, न लाजता सांगा. मग अंतर राखायची जबाबदारी त्याला परत घेता येते. सॅन डिएगोला नेमकं हेच स्पष्टपणे सांगायचं राहून गेलं.

लग्नाच्या शूटिंगसाठी किनाऱ्यावर ड्रोन उडवणाऱ्यांनाही हे लागू आहे. ड्रोनला ट्रान्सपॉन्डर नाही, टीकॅसला तो कळत नाही, आणि वैमानिकाला तो सेसनापेक्षा कितीतरी लहान दिसतो. बोगमाळो-वास्को भागात तर उतरणारी विमानं खूप खाली असतात, शिवाय नौदलाचा तळ आहे. ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा लाल, पिवळ्या की हिरव्या पट्ट्यात येते ते बघितल्याशिवाय ड्रोन पिशवीतून बाहेर काढू नका. नवरा-नवरीचे आईवडील हे ऐकत असतील, तर फोटोवाल्याला तुम्हीच विचारा.

आणि दोन विमानं जवळ येऊन थोडक्यात वाचली, तर त्याची एअरप्रॉक्स नोंद नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे गेलीच पाहिजे, मग चूक वैमानिकाची असो वा नियंत्रकाची. तक्रार करणाऱ्याला आधी दटावलं, तर पुढच्या वेळी तो गप्प बसतो. दाबोळी, मोपा आणि चिपी या तिन्ही ठिकाणच्या नियंत्रकांनी आणि वैमानिकांनी अशा नोंदी एकत्र बसून, ठरावीक दिवशी, वाचाव्यात, अशी माझी विनंती आहे.

नमस्कार.