उलटलेली छत्री

(दृश्य: मालवणजवळची एक वाडी. श्रावणातला पाऊस, पागोळ्या.)

चार महिन्यांचा नातू आजीच्या खांद्यावर. परवापर्यंत नुसतं पडसं होतं, आज श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय. "पोराची छाती घरघरता, डॉक्टराक दाखय," ती लेकाला सांगते.

अशा घरघरीमागे पुष्कळदा आरएसव्ही नावाचा विषाणू असतो. थोरांना सर्दीवर सोडतो, तान्ह्यांच्या बारीक श्वासनलिका मात्र सुजवून टाकतो. दोन वर्षांचं होईतो जवळपास प्रत्येक मुलाला तो गाठतोच.

(दृश्य: एसटी स्टँड. वाऱ्याने छत्री उलटते.)

विषाणूच्या अंगावरचं 'एफ' प्रथिन असंच वागतं. आधी आटोपशीर असतं. पेशीला भिडलं की फटकन उलटतं आणि त्या झटक्यात विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं. या छत्रीला परत सरळ होणं नाही. काही तर आपसूकच, आधीच उलटतात.

अँटीबॉडी म्हणजे संसर्ग झाला किंवा लस टोचली की शरीर बनवतं ते बचावाचं प्रथिन. ती आकार ओळखते. सरळ छत्रीच्या टोकाला ती चपखल बसली, तर छत्री उलटतच नाही, विषाणू बाहेरच राहतो. उलटलेलीला धरणं बहुधा वरातीमागून घोडं.

(दृश्य: जुनी काचेची सिरिंज.)

१९६०च्या दशकात अमेरिकेत फॉर्मालिन या रसायनाने मारलेल्या विषाणूची लस तान्ह्या मुलांना टोचली गेली. पुढे संसर्ग झाला तेव्हा एका चाचणीत लस घेतलेल्यांपैकी ८० टक्के मुलं रुग्णालयात गेली. न घेतलेल्यांपैकी ५ टक्के. दोन बाळं दगावली. त्या लसीत बहुतेक छत्र्या उलटलेल्या होत्या, हे उमगायला अर्धं शतक गेलं. तेवढंच कारण नव्हतं, पण मोठं होतं. मग कित्येक वर्षं या लसीचं नाव काढायला कुणी धजेना. धजणार तरी कसं?

२०१३ साली शास्त्रज्ञ जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग आणि सहकाऱ्यांनी 'डी२५' या मानवी अँटीबॉडीने धरून ठेवलेल्या सरळ प्रथिनाचा आकार टिपला. मग त्याच प्रथिनाच्या दोन काड्या एकमेकींना टाचल्या, आतली पोकळी बुजवली. छत्री उलटेना.

याच कल्पनेवरच्या लसींना अमेरिकेत २०२३मध्ये मान्यता मिळाली. त्यातली एक गरोदर बाईला देतात. तिच्या अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचतात.

(दृश्य: दवाखाना. बाळाच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी.)

एकदा आजार जडला की त्यावर नेमकं औषध नाही. ऑक्सिजन, दूध-पाणी आणि वाट बघणं. आजी तेच करतेय. बाहेर पाऊस.