सोसायटीत छाटणी झाली? ते ओंडके टेम्पोत जाऊ देऊ नका

नमस्कार मंडळी!

एप्रिल-मे आला की आपल्या शहरांमधून झाडांची छाटणी सुरू होते. पावसाळ्यात फांदी कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून ती करावीच लागते. पण पुढे काय होतं? पाला एका बाजूला, ओंडके दुसऱ्या बाजूला, आणि संध्याकाळपर्यंत टेम्पो येऊन सगळं घेऊन जातो. त्याच आठवड्यात त्याच सोसायटीतली माणसं नर्सरीतून मातीची पोती, कोकोपीट आणि प्लॅस्टिकच्या कुंड्या विकत आणतात. मला हे बघवत नाही. म्हणून आज ओंडक्यांबद्दल बोलू या.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. बागेतलं लाकूड कुजणार. वॉर्निश मारा, ऑइलपेंट मारा, मातीला टेकलेला ओंडका आपल्या पावसात कुजणारच. तेव्हा त्याला कामच असं द्यायचं, की कुजला तरी बागेचं भलं होईल.

(ओंडका कॅमेऱ्याजवळ धरून) हा गुलमोहर. हे कापलेलं तोंड बघा. सगळा फिकट रंग, आणि नख दाबलं की वण उठतो. गुलमोहर, पांगारा, सावर, शेवगा ही मऊ लाकडं. लवकर कुजतात. आता हा दुसरा बघा, चिंचेचा. बाहेर पिवळसर कडं आणि मध्ये काळपट गाभा. नख तर सोडाच, खिळा ठोकतानाही घाम फुटतो. बाभूळ, साग याच प्रकारचे. बाहेरचं फिकट कडं किडे आधी खातात, गाभा वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून मी साधा हिशेब ठेवते: मऊ लाकूड मातीच्या आत, कठीण लाकूड मातीच्या वर.

आधी मातीच्या आतलं बघू, कारण सगळ्यात जास्त फायदा तिथे आहे.

मोठा ड्रम घ्या, किंवा विटांचा वाफा करा. ड्रमला तळाशी आणि बाजूला भोकं हवीतच. तळात मनगटाएवढे जाड, वाळलेले तुकडे आडवे रचा. वर बारीक काटक्या. मग वाळलेला पाला, तोही पायाने दाबून. त्यावर अर्धवट झालेलं कंपोस्ट, आणि सगळ्यात वर किमान आठ-नऊ इंच चांगली माती. प्रत्येक थरावर पाणी मारत चला, नाहीतर मधले थर कोरडे राहतात आणि तिथे मुंग्या वारूळ करतात. जर्मनीकडे लाकडाचे ढीग मातीने झाकून त्यावर भाजी लावायची जुनी पद्धत आहे, ह्यूगेलकल्चर म्हणतात तिला. आपण तीच ड्रममध्ये आणतोय.

याने होतं काय? कुजत आलेलं लाकूड स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं आणि मुळांना हळूहळू देतं. एप्रिल-मेच्या उन्हात, एक दिवस पाणी चुकलं तरी, झाड लगेच माना टाकत नाही. शिवाय माती कमी लागते, आणि वाळलेलं लाकूड ओल्या मातीपेक्षा हलकं असल्याने गच्चीवरचा भारही कमी होतो. तरी भरलेला ड्रम तो भरलेला ड्रमच. तो गच्चीच्या मधोमध ठेवू नका, खाली बीम असेल तिथे ठेवा. आणि जुनी इमारत असेल तर आधी इंजिनिअरला विचारा.

आता इथेच बरेच जण निराश होतात. ड्रम भरला, टोमॅटो लावला, आणि महिन्याभरात पानं पिवळी! कारण सांगते. लाकडात कार्बन भरपूर, नायट्रोजन अगदी थोडा. लाकूड खाणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला तर नायट्रोजन लागतो. तो ते आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतात आणि झाड उपाशी राहतं. ही टंचाई कायमची नसते. लाकूड कुजत गेलं की तोच नायट्रोजन मातीत परत येतो. तोपर्यंत लाकडाच्या थरावर शेणाची स्लरी ओता, मातीत निंबोळी पेंड मिसळा, आणि पहिल्या वर्षी चवळी, घेवडा, मेथी लावा. ही शेंगवर्गातली पिकं आहेत, त्यांच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात. वांगी-टोमॅटो पुढच्या वर्षी. आणि ड्रमची पातळी खाली बसली तर घाबरू नका. लाकूड कुजतंय, एवढाच त्याचा अर्थ. वरून कंपोस्ट घाला.

गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) ओंडका मिळाला तर तो मात्र पुरू नका, उभा रोवा. ताजा असेल तर पावसात फुटतो. शेवगा आणि पांगाराही असेच फुटतात, कोकणातली कितीतरी कुंपणं अशीच जिवंत झालेली आहेत. गिरिपुष्पाचा पाला तर नायट्रोजनने भरलेला, तोच कापून ड्रममध्ये घालत राहा.

आता मातीच्या वरचं. खडबडीत सालीचा आंब्याचा किंवा फणसाचा तुकडा मिळाला तर त्यावर ऑर्किड लावा. आपल्या सह्याद्रीत सीतेची वेणी झाडांच्या फांद्यांवरच वाढते. तिला माती नकोच असते, मुळांना हवा हवी असते. रोप मात्र नर्सरीतूनच आणा, जंगलातून ओरबाडू नका. मुळांखाली थोडा नारळाचा काथ्या ठेवा आणि सुती दोऱ्याने बांधा. मुळांनी साल धरेपर्यंत दोरा आपोआप सडून जातो. ओंडका उभा टांगा, म्हणजे पाणी साचणार नाही. निलगिरीची साल सुटून पडते, तिच्यावर हा खटाटोप करू नका.

(कोरड्या ओंडक्यावरची भोकं जवळून) हे बघा, किती गोल आणि स्वच्छ भोक आहे! खाली भुसाही पडलाय. हे काळ्या भुंग्याचं घर. मोठा, काळा, निळसर पंखांचा, घूंऽऽ करत येतो तोच. लोक याला बघून घाबरतात, फडकं मारतात. कृपा करून मारू नका! वांग्याच्या फुलातले परागकण नळीसारख्या कोशात बंद असतात. हा भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो, तेव्हा ते बाहेर पडतात. पॅशनफ्रूटच्या मोठ्या फुलालाही याच्याच आकाराचा पाहुणा लागतो. म्हणून भाजीच्या वाफ्याजवळ, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी, एक कोरडा ओंडका आडवा ठेवाच. ड्रिलने सहा ते दहा मिलिमीटरची आंधळी भोकं पाडलीत, म्हणजे आरपार न जाणारी, तर पानं कापणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या छोट्या मधमाश्याही येतील.

पायवाटेसाठी ओंडक्याच्या गोल चकत्या? फोटोत छान दिसतात, पण मी सुचवणार नाही. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जास्त आणि गाभ्याच्या दिशेने कमी आकसतं, त्यामुळे चकती हमखास तडकते. आणि जुलैत तिच्यावर शेवाळ चढलं की घरातली आजी घसरलीच म्हणून समजा.

काळजीच्या गोष्टी, पटापट. ओंडका घराच्या भिंतीला, दाराच्या चौकटीला टेकवून ठेवू नका, वाळवीला रस्ता मिळतो. वर ठेवायचा असेल तर खाली विटा द्या. पोकळ ओंडक्याची कुंडी करताना तळाला गिरमिटाने आरपार भोकं पाडा. पोकळीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. पावसाळ्यात ओंडका हलवायचा तर आधी काठीने उलटा, खाली विंचू असू शकतो. बुंध्याशी कडक, लाखेसारखी चकचकीत भूछत्रं आलेल्या झाडाचं लाकूड दुसऱ्या झाडाच्या मुळाशी पुरू नका, तो मूळ कुजवणारा रोग असू शकतो.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींसाठी खास: नारळाचं खोड बागेत कुजत ठेवू नका. गेंड्या भुंगा (मघाचा काळा भुंगा नव्हे, हा शिंगवाला किडा) त्यातच अंडी घालतो, आणि मोठा झाला की शेजारच्या माडाचा कोवळा कोंब पोखरतो. नवीन झावळी उलगडल्यावर कात्रीने कापल्यासारखी दिसली तर तोच. खोड चिरून वाळवा, चुलीला लावा.

आणि हो, छाटणीचा ओंडका घेणं वेगळं, झाड तोडणं वेगळं. महाराष्ट्रातल्या शहरांत झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. सोसायटीतले ओंडके चेअरमनना विचारून घ्या, रस्त्यावरचे उद्यान विभागाला विचारून. साग, चंदन, शिसव असं लाकूड परवान्याशिवाय गाडीत टाकू नका.

तुमच्याकडे पडलेलं लाकूड कोणतं ते ओळखता येत नसेल, तर साल आणि कापलेलं तोंड असे दोन फोटो पाठवा. नुसत्या सालीवरून ओळखणं अवघड जातं, तोंडाचा फोटो विसरू नका. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच काही ओंडके घेऊन ड्रम भरू या.