घरी बांधलेली रेडिओ-नियंत्रित लाकडी होडी

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवरून भाषणे आणि गाणी नियमितपणे ऐकू येऊ लागण्याच्या दोन दशके आधी रेडिओलहरींनी एक छोटी होडी चालवून दाखवली होती. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात निकोला टेस्ला यांनी ती पाण्याच्या हौदात सोडली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. संदेश पकडणारे यंत्र तेव्हा टेस्लांना स्वतः घडवावे लागले होते. आज तेच काम करणारा रिसीव्हर काही ग्रॅम वजनाचा असतो आणि तयार मिळतो. म्हणून घरी अशी होडी बांधू इच्छिणाऱ्याने रेडिओची धास्ती घेऊ नये. त्याची परीक्षा होते ती लाकडात आणि वजनात, आणि वजनाचा हिशेब लाकडाला हात लावण्याआधीच करावा लागतो.

समजा, बंदरात मोठी जहाजे ओढणारी, १५ मीटर लांबीची आणि ४० टन वजनाची एक टग बोट आपण नमुना म्हणून घेतली. तिची पंचविसावा हिस्सा लांबीची प्रतिकृती ६० सेंटीमीटरची होईल. वजन मात्र पंचवीस पटींनी कमी होत नाही. लांबी, रुंदी आणि खोली ही तिन्ही मापे घटत असल्यामुळे ते १५,६२५ पटींनी घटते आणि सुमारे अडीच किलोवर येते. हाच आकडा उलट बाजूनेही पडताळता येतो. पाण्यातील भाग ६० सेंटीमीटर लांब, १७ सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर खोल धरला, तर त्या मापांच्या पेटीचे घनफळ ५,१०० घन सेंटीमीटर होते. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, आणि मागे निमुळता होणारा होडीचा देह त्या पेटीचा साधारण अर्धा भाग व्यापतो, असे मानल्यास ती २,५५० घन सेंटीमीटर पाणी बाजूला सारते. गोड्या पाण्याचे वजन घन सेंटीमीटरला एक ग्रॅम असल्यामुळे सर्व सामानासह होडी अडीच किलोची झाली, की ती आखलेल्या रेषेपर्यंत बुडते.

वेगाचे गणित विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात प्रतिकृतींवरच प्रयोग करून बसवले. त्यानुसार लांबी पंचविसावा हिस्सा असेल, तर वेग पाचवा हिस्सा असावा, कारण पंचवीसचे वर्गमूळ पाच. तासाला १८ किलोमीटर जाणाऱ्या टगची प्रतिकृती माणसाच्या संथ चालीने गेली, तरच तिच्यापुढच्या लाटा खऱ्या दिसतात. मोठी मोटर बसवून तिला पाण्यावरून उधळवणाऱ्यांचा उत्साह मला समजतो, पण टगला ती चाल शोभत नाही.

आता बांधणीकडे वळू. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन केलेल्या आपल्या वडोदऱ्यात कारागिरी आणि रेखाटन यांचे नाते वेगळे सांगावे लागू नये. होडीच्या आडव्या छेदांची पूर्ण आकाराची रेखाचित्रे काढून ती तीन-चार मिलिमीटरच्या प्लायवुडवर चिकटवावीत आणि बारीक करवतीने कापावीत. सपाट, न वाकणाऱ्या फळीवर मधली रेघ मारून हे छेद उलटे, एकमेकांना समांतर उभे करावेत आणि त्यांच्या खाचांत कील, म्हणजे होडीचा कणा, बसवावा. त्यानंतर एक लवचीक पट्टी सर्व छेदांवरून ओढून पाहावी. ती जिथे एखाद्या छेदाला टेकत नाही किंवा त्यावर उचलली जाते, तिथे कानस चालवावी वा लाकडाची चकती चिकटवावी. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु इथे केलेली घाई पुढे रंगाच्या थराखालूनही दिसत राहते.

लाकडी पट्ट्यांसाठी जुन्या घरांच्या मोडीतून निघालेला साग मला आवडतो, कारण तो पुरता वाळलेला असतो. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून गोंद लावण्यापूर्वी तो थिनरने पुसावा. दोन मिलिमीटर जाड आणि सहा-सात मिलिमीटर रुंद पट्ट्या पुरतात. नाळेजवळच्या वळणासाठी त्या गरम पाण्यात भिजवाव्यात. डेकच्या कडेपासून सुरुवात करून एक पट्टी डावीकडे आणि लगेच तिची जोडीदार उजवीकडे, असा क्रम ठेवावा. एकच बाजू आधी पूर्ण केली, तर वाळणाऱ्या पट्ट्यांच्या ओढीने कणा पिळतो, आणि पिळलेली होडी सुकाणू सरळ असूनही एका बाजूला वळत जाते. छेदांचा घेर मध्यभागी मोठा आणि टोकांना लहान असल्यामुळे पट्ट्यांची टोके रंध्याने निमुळती करावी लागतात; जबरदस्तीने दाबलेली पट्टी पुढे कधीतरी उचकटते.

बाहेरून बारीक विणीचे काचकापड आणि इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव कालवून घट्ट होणारी राळ, लावली, की सांधे पाणी धरत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि कालवलेली इपॉक्सी भांड्यातच तापून घट्ट होते. तेव्हा ती पहाटे, थोडी थोडी कालवावी. पावसाळ्यातील दमट हवेत तिच्यावर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन आणि पॉलिश पेपरने घासून काढल्याशिवाय पुढचा हात देऊ नये.

प्रोपेलरचा दांडा ज्या पितळी नळीतून जातो, तिचे आतले टोक पाण्याच्या रेषेच्या वर राहील असा तिचा कोन ठेवावा, म्हणजे नळीतील ग्रीस कमी झाले तरी पाणी आत सांडत नाही. मोटर आणि दांडा एका रेषेत नसतील, तर होडी खडखडते आणि बॅटरी लवकर उतरते. संथ टगसाठी सहा व्होल्टची जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरीच मी सुचवीन. तिचे पाऊण किलोच्या आसपासचे वजन कण्यालगत ठेवले, की होडी स्थिर राहते. हलकी लिथियम बॅटरी आणून पुन्हा शिशाचे तुकडे भरण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

रेडिओबद्दल थोडक्यात सांगतो. आजचे रिमोट बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरी पाणी शोषून घेते, म्हणून रिसीव्हरची तार डेकजवळ, पाण्याच्या रेषेच्या बरीच वर आणि उभी असावी. संपर्क तुटताच मोटर बंद व्हावी, अशी सोय रिसीव्हरमध्ये आधीच करून ठेवावी आणि ती काठावर रिमोट बंद करून तपासावी.

पहिली चाचणी घरच्या टबात घ्यावी. होडी कोणत्या बाजूला कलते ते पाहून बॅटरी पुढेमागे सरकवावी. बोटाने ढकलल्यावर ती झटकन सरळ होत नसेल, तर वरची केबिन जड झाली आहे असे समजावे. नंतर एखाद्या शेतातले किंवा सोसायटीतले तळे परवानगी घेऊन वापरावे. विश्वामित्री नदीचा मोह मात्र कोणीही धरू नये. तिथे मगरी राहतात, आणि बंद पडलेली होडी आणायला पाण्यात उतरण्याची ती जागा नव्हे. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो होडीपलीकडे फेकावा आणि दोरी हळूहळू ओढावी. होडी आपोआप काठाला येते.

घरी परतल्यावर डेकचे झाकण रात्रभर उघडे ठेवावे, दांड्याच्या नळीत ताजे ग्रीस भरावे आणि शिशाची बॅटरी त्याच दिवशी पूर्ण चार्ज करावी, कारण उतरलेल्या स्थितीत पडून राहिलेली बॅटरी लवकर निकामी होते. नमस्कार.