आधी मापून आणा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी 'डॉक्टर आज तहानेवर बोलतील' असं सांगितलं आणि पुढच्या रांगेत लगेच तीन बाटल्या उघडल्या. दाराजवळच्या खुर्च्या आधी का भरल्या, तेही माझ्या लक्षात आलंय. बसा निवांत, उठून गेलात तरी राग नाही.

अति तहान आणि अति लघवीचं कारण कसं शोधायचं, ते सांगायचं मी कबूल केलंय. त्याआधी माझं एक जुनं दुखणं ऐका. पेशंट म्हणतो, "सारखी लघवी होते." मी विचारतो, "किती?" तो म्हणतो, "दहा-बारा वेळा." अहो, वेळा कोणी विचारल्या? दहा वेळा अर्धा-अर्धा कप होणाऱ्याला जंतुसंसर्ग असेल, प्रोस्टेट वाढलेलं असेल. दहा वेळा भांडं भरणाऱ्याची गोष्टच निराळी. चोवीस तासांत तीन लिटरच्या वर गेली, तर मोठ्या माणसाच्या बाबतीत ती खरी अति लघवी. जाडजूड फाइलमध्ये सोनोग्राफी सापडते, हे माप सापडत नाही. त्याला लागतो एक कॅन. सकाळची पहिली सोडून द्यायची, तिथून पुढची सगळी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून. एवढंच. पण कॅन घेऊन यायला माणसं लाजतात, आणि खरं सांगू, आणायला सांगायला डॉक्टरही लाजतात.

मी शिकाऊ असताना एक तरुण दाखल झाला. दिवसाला दहा लिटर पाणी प्यायचा. साखर नॉर्मल. वॉर्डात सगळ्यांचं एकमत, की ही मनाची सवय आहे. माझंही तेच मत, कारण सिनियरांचं होतं. पाणी तोडायची चाचणी ठरली: पाणी बंद, आणि दर तासाला वजन, लघवीचं माप, तिचा दाटपणा. वजन उतरायला हवं. चौथ्या तासाला ते सातशे ग्रॅम वाढलं! मी काटा तपासला. स्वतः उभा राहिलो. माझं वजन दुर्दैवाने बरोबर होतं. मग सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, याच्या शर्टाची कॉलर ओली आहे." उशाचा तांब्या मी उचलून ठेवला होता, बाथरूमचा नळ विसरलो होतो. मी त्याला झापलं. तो म्हणाला, "जीव चाललाय माझा, आणि तुम्ही वजन कसलं करताय?"

आम्ही हसलो. त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या खेपेला सिस्टर शेजारी बसून राहिल्या. वजन तीन टक्के उतरलं, रक्तातलं सोडियम वर सरकलं, तरी लघवी नळाच्या पाण्यासारखी. तिथे चाचणी थांबवून डेस्मोप्रेसिनचं, म्हणजे पाणी धरून ठेवायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या कृत्रिम रूपाचं, इंजेक्शन दिलं. दोन तासांत लघवी दाट झाली. म्हणजे ते संप्रेरक त्याच्या मेंदूतून सुटतच नव्हतं. ते औषध सुरू केलं आणि 'सवय' गेली.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं म्हणे. बरं, भरभर.

पहिली पायरी साखर. रक्तात ती दर शंभर मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की लघवीत उतरते आणि पाणी ओढून नेते. तहान मागून येते. उपाशीपोटी १२६, एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ६.५ टक्के, किंवा अशी लक्षणं असताना कधीही तपासलेली २००: यापैकी एक आकडा गाठला की मधुमेह. १६७४ साली टॉमस विलिसने ही लघवी मधासारखी गोड असल्याचं लिहिलं. कसं कळलं, ते चहाच्या आधी नको.

साखर ठीक असेल तर औषधं विचारा: मनाच्या आजारावरचं लिथियम, लघवीच्या गोळ्या. साखर लघवीवाटे काढणाऱ्या मधुमेहाच्या नव्या गोळ्यांनीही लघवी वाढते. मग रक्तातलं कॅल्शियम, पोटॅशियम, आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन. मग सोडियम: वरच्या अंगाला असेल तर शरीर पाणी गमावतंय, खालच्या अंगाला असेल तर बहुधा पिणंच जास्त. तरी उलगडलं नाही तर ती चाचणी. पाणी तोडल्यावर लघवी दाट झाली तर पिण्याचा दोष. डेस्मोप्रेसिननंतरच झाली तर संप्रेरक कमी. त्यानंतरही नाही, तर मूत्रपिंड ऐकत नाही. हल्ली त्या संप्रेरकाचा अंदाज देणारी कोपेप्टिन नावाची रक्ततपासणीही आहे. या शेवटच्या दोन आजारांना 'डायबेटिस इन्सिपिडस' म्हणत. २०२२ मध्ये नाव बदलायचं ठरलं, कारण 'डायबेटिस' वाचून दवाखान्यात साखर मोजत बसायचे आणि डेस्मोप्रेसिन द्यायचं राहायचं.

घरी पाणी तोडून बघू नका. खऱ्या रोग्याचं सोडियम काही तासांत धोक्याच्या वर जातं. आणि लहान मूल अचानक ढसाढसा पाणी पिऊ लागलं, सुटलेलं अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं, वजन उतरलं, तर साखर त्याच दिवशी तपासा. उलट्या किंवा गुंगी असेल तर तपासणीची वाट न बघता थेट दवाखाना.

प्रश्न घेतो. दाराजवळचे आधी, त्यांना घाई असेल.