टोकियोचे ‘शिशो’

टोकियोतलं शिंजुकू. झगमगत्या दुकानांच्या मधोमध ही लाकडी इमारत दिसतेय ती सुएहिरोतेई, 1946 साली बांधलेलं राकुगोचं, म्हणजे बसून गोष्ट सांगायच्या जपानी कलेचं थिएटर. बैठकीवर बसलेला एकच कलाकार, हातात पंखा आणि रुमाल. तेवढ्यावर तो अख्खी गोष्ट उभी करतो.

(ढोलाचा आवाज)

ढोल वाजवतोय तो ‘झेंझा’, सगळ्यांत खालच्या पायरीवरचा शिष्य. आता त्याच्या हातांकडे बघा. एक कलाकार उठला की हा लगबगीनं येतो, बैठक उलटवतो आणि शिवण नसलेली कड प्रेक्षकांकडे करतो. मग नावाची पाटी बदलतो. आत गेला की चहा द्यायचा, ज्येष्ठांचे किमोनो घडी करायचे. त्याच्या स्वतःच्या किमोनोवर हाओरी नाही. तो वरचा अंगरखा पुढची पायरी चढल्यावरच मिळतो. त्या पायरीचं नाव ‘फुतात्सुमे’. तिथवर यायला तीन ते पाच वर्षं लागतात, त्यापुढे आणखी दहाएक. मग तो ‘शिन्-उची’ होतो. तेव्हा कुठे लोक त्याला ‘शिशो’, म्हणजे गुरू, म्हणतात आणि त्याला स्वतःचे शिष्य घेता येतात.

मानाचा दुसरा शब्द ‘सेन्सेई’, पण जपानमध्ये तसं शाळेतल्या बाईंना म्हणतात, डॉक्टरांना, वकिलांना आणि राजकारण्यांनासुद्धा. याच थिएटरात जादूगारही ‘सेन्सेई’च. बाहेरच्या फलकावर त्यांची नावं लाल रंगात आहेत, राकुगोवाल्यांची काळ्या.

शिकवण्याची जुनी रीत अशी: गुरूनं समोर बसून एकच गोष्ट तीनदा सांगायची, शिष्यानं फक्त ऐकायची. मग त्यानं ती गुरूला म्हणून दाखवायची. गुरूनं होकार दिल्याशिवाय ती रंगमंचावर नेता येत नाही. यासाठी गुरू पैसे घेत नाही. आपल्याकडच्या गंडाबंध शागिर्दाला हे नातं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पदवीच्या कागदावर न मिळणारा हा मान टिकलाच पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

काही जण वाटेतच सोडून जातात. गुरूनं काढून टाकलं, तर त्यानं दिलेलं नावही जातं.

हे छायाचित्र पाचवे यानागिया कोसान यांचं. 1995 मध्ये जपान सरकारनं त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान दिला. राकुगोच्या वाट्याला तो पहिल्यांदाच आला होता. कोसान राहायचे मेजिरो भागात. त्यामुळे त्यांचा उल्लेख व्हायचा ‘मेजिरोचे शिशो’ असा.