दहा अडथळे: गुलाम राझिक

1958, टोकियो. आशियाई खेळांत मिल्खासिंगनं 200 मीटरमध्ये अब्दुल खालिकला मागे टाकलं, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. खालिकनं तिथंच 100 मीटरचं सुवर्ण घेतलं होतं, ते मात्र सांगायचं राहून जातं. आणि त्याच स्पर्धेत 110 मीटर अडथळ्यांचं सुवर्ण नेणारा पाकिस्तानचा गुलाम राझिक? त्याचं तर नावही कानावर आलेलं नसतं.

आता हे पाय बघा. पडद्यावर सराव करणारा मुलगा आजचा आहे, पण हिशेब राझिकच्या काळापासूनचाच. अडथळ्याची उंची साडेतीन फूट. राष्ट्रकुल स्पर्धेत तेव्हा अंतर यार्डांत मोजत, एकूण 120 यार्ड. पहिला अडथळा 15 यार्डांवर, पुढे दर 10 यार्डांवर एक, असे दहा. दोन अडथळ्यांच्या मध्ये पावलं तीनच. चौथं पडलं की पुढच्या अडथळ्याला पाय उलटा येतो आणि सगळी लय बिघडते.

पुन्हा बघा, सावकाश. याला उडी म्हणायची नाही. उंच उडाला तो हरला, कारण हवेत वेग वाढवता येत नाही. पुढचा पाय सरळ जातो, छाती मांडीवर झुकते. मागचा पाय गुडघ्यात दुमडून बाजूनं, जवळजवळ काखेखालून पुढे येतो आणि लगेच जमीन शोधतो. चुकून अडथळा पाडला तर कुणी बाद करत नाही, पण वेग खातोच तो. हे दहा वेळा, चौदा-साडेचौदा सेकंदांत.

टोकियोनंतर दोनच महिन्यांत कार्डिफला राष्ट्रकुल कांस्य. 1956, 1960, 1964 अशी तीन ऑलिंपिक. मधे 1962 मध्ये, जकार्ताला आशियाई सुवर्ण यजमानांच्या मोहम्मद सारेंगटनं नेलं. पण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पर्थची राष्ट्रकुल स्पर्धा आली, आणि तिथं राझिक पहिला! पाकिस्ताननं त्या स्पर्धेत आठ सुवर्णपदकं मिळवली. सात पैलवानांची. मैदानी खेळांतलं हे एकच, आणि आमच्या मते त्या आठांतलं सगळ्यात अवघड.

1966, किंग्स्टन. पुन्हा पदक, या वेळी कांस्य. जिंकला इंग्लंडचा डेव्हिड हेमरी, जो दोन वर्षांनी मेक्सिकोत 400 मीटर अडथळ्यांचा ऑलिंपिक विजेता झाला.

राष्ट्रकुलच्या मैदानी खेळांत पाकिस्तानला पुढचं सुवर्ण मिळालं ते 2022 साली बर्मिंगहॅमला. अर्शद नदीम, भालाफेक, 90.18 मीटर.