मुलं लहान आहेत तोवरच तंबू घेऊन निघा

नमस्कार मंडळी. बाहेर जानेवारीचा गारठा आहे, चार वाजले की अंधार पडतोय, आणि अशात मी तुमच्याशी उन्हाळ्यातल्या तंबूबद्दल बोलणार आहे, कारण जूनमधली सुट्टी स्वस्तात व्हायची असेल तर ती आत्ताच ठरवावी लागते. इथे इंग्लंडमध्ये आपल्या मराठी घरांमध्ये मी एक वाक्य फार ऐकते, मुलं लहान आहेत गं, जरा मोठी होऊ देत मग जाऊ युरोपला, आत्ता त्यांना काय कळणारे. मला मनापासून उलटं वाटतं. आमची मोठी चार वर्षांची आणि धाकटा दीड वर्षाचा होता तेव्हा आम्ही पहिल्यांदा टेंट घेऊन फ्रान्सला गेलो, आणि आज हिशोब बघते तर तेव्हाइतकी स्वस्त सुट्टी आम्हाला परत कधीच मिळणार नाही.

कारण सरळ आहे, शाळा. एकदा मूल शाळेत अडकलं की तुम्ही सगळ्या देशाबरोबर एकाच वेळी सुट्टीवर निघता आणि भाव तिथेच चढतात. टर्म चालू असताना मुलाला नेलं तर दंड होऊ शकतो, ऑगस्ट 2024 पासून तो 80 पौंड आहे, तोही 21 दिवसांत भरला तर, नाहीतर 160, आणि तो प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे लागतो, म्हणजे दोघं आईबाबा आणि दोन मुलं असतील तर 320 पौंड झाले की. पण नर्सरीतल्या मुलाला जूनमध्ये न्या, सप्टेंबरमध्ये न्या, कोणी विचारत नाही. फ्रान्समध्ये खरी गर्दी 14 जुलै ते 15 ऑगस्ट, ते आठवडे सोडले की तीच जागा, तोच समुद्र, आणि भाव कितीतरी खाली. शाळेतली मुलं असतील त्यांनी मे महिन्याच्या शेवटची हाफ टर्म, म्हणजे इथल्या शाळांची टर्मच्या मधली सुट्टी बघा, किंवा ऑगस्टचा शेवटचा आठवडा, कारण फ्रेंच शाळा 1 सप्टेंबरच्या सुमाराला उघडतात, त्यांची माणसं परतीला लागलेली असतात आणि आपल्या मुलांना अजून थोडे दिवस सुट्टी असते.

आता कुठे जायचं. पहिल्या वेळी आम्ही एक चूक केली ती सांगते. नऊ दिवसांत चार कॅम्पसाइट ठरवल्या होत्या, वाटलं एवढं जातोय तर सगळं बघून घेऊ. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता पावसात टेंट लावतोय, धाकटा गाडीत रडतोय, मोठी विचारतेय की आपण कालच्या घरी का नाही राहिलो. कालच्या घरी म्हणाली ती! एका रात्रीत तिच्यासाठी त्या टेंटचं घर झालं होतं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने फोन करून पुढची दोन बुकिंग रद्द केली, थोडे पैसे बुडाले, आणि उरलेले सगळे दिवस आम्ही एकाच जागी राहिलो. तेव्हापासून आमचा नियम एकच, एक सुट्टी, एक जागा, फार तर दोन. त्यात पेट्रोल वाचतं आणि टोल वाचतो, आणि मुलांना तिसऱ्या दिवसापर्यंत शेजारच्या टेंटमधले डच मित्र मिळालेले असतात, एक शब्द कॉमन नसताना.

बाळ अगदी लहान असेल तर लांब जाऊच नका. इंग्लंडच्या फोकस्टनहून गाडीसकट समुद्राखालच्या बोगद्यातल्या ट्रेनने फ्रान्समधलं कॅले गाठायला 35 मिनिटं लागतात, आणि तिकीट गाडीचं असतं, माणसांचं नाही, गाडीत नऊजण असले तरी तेच. कॅलेपासून साधारण शंभर किलोमीटरवर सोम नदीची खाडी आहे, तिथे फ्रान्समधली सगळ्यात मोठी सीलची वसाहत आहे, ओहोटीला वाळूच्या पट्ट्यांवर सील लोळत पडलेले लांबून दिसतात, आणि ल क्रोत्वा ते सां-व्हालेरी अशी जुनी वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी खाडीला वळसा घालून जाते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला याहून जास्त काय हवंय सांगा.

मुलं जरा मोठी असतील, तर माझं मन ब्रिटनीत आहे. फ्रान्सचा तो पश्चिमेचा कोपरा, समुद्रात घुसलेला. पोर्ट्समथहून रात्रीची फेरी सां-मालोला जाते, केबिनमध्ये मुलं झोपतात आणि सकाळी उठतात ती फ्रान्समध्येच. केबिनचे पैसे जातात खरे, पण एका रात्रीचं हॉटेल आणि पाच-सहा तासांचं ड्रायव्हिंग वाचतं, आणि ब्रिटनीत हायवेला टोलच नाही. या फेरीच्या कंपनीची, ब्रिटनी फेरीजची, गोष्ट मला फार आवडते, ती तिथल्या शेतकऱ्यांनी सुरू केली, आपला फ्लॉवर आणि आर्टिचोक इंग्लंडला पाठवायला बोट मिळेना म्हणून, आणि जानेवारी 1973 मध्ये त्यांची पहिली बोट रॉस्कॉफहून प्लिमथला निघाली. माझं माहेर कोल्हापूरकडचं, सहकारी साखर कारखान्यांचा भाग, त्यामुळे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन बोटी घेतल्या हे ऐकलं तेव्हा तिकिटाचे पैसे देताना बरं वाटलं.

तिथे कार्नाकला तीन हजारांवर उभे दगड आहेत, हजारो वर्षांपूर्वी माणसांनी रांगेत रोवलेले, 2025 मध्ये ते जागतिक वारसा यादीत आले. पण खरं सांगू का, मुलांना आठवतं ते दुसरंच. ओहोटीला खडकांमध्ये पाण्याची डबकी राहतात, त्यात खेकडे, कोळंबीची पिल्लं, बादली आणि जाळी घेऊन तीन-तीन तास, एक पैसा खर्च नाही. फक्त भरती-ओहोटीचं वेळापत्रक रोज बघा, कॅम्पसाइटच्या ऑफिसबाहेर लावलेलं असतं. मों-सां-मिशेलच्या आखातात पाणी चौदा मीटरपर्यंत चढतं-उतरतं, तिथल्या वाळूत मुलांना घेऊन आपापलं लांब चालत जायचं नाही, अजिबात नाही.

कॅम्पसाइट निवडताना फोटोतल्या घसरगुंड्यांवर जाऊ नका. चार-पाच स्टारवाल्या वॉटरपार्कच्या जागा ऑगस्टमध्ये रात्रीला शंभर युरोपर्यंत आणि पुढेही जातात. त्याच्या उलट फ्रान्समध्ये ‘काँपिंग म्युनिसिपाल’ म्हणून प्रकार आहे, म्हणजे गावच्या नगरपालिकेची कॅम्पसाइट, साधी, स्वच्छ, झाडांखाली, बेकरी चालत जाण्याच्या अंतरावर, आणि गर्दीचे दिवस सोडून चौघांचं कुटुंब तिथे रात्रीला साधारण वीस ते तीस युरोत राहू शकतं. वर प्रवासी कर लागतो पण तो 18 वर्षांखालच्यांना माफ. पूल असेल तर एक लक्षात ठेवा, तिथे पुरुषांना आणि मुलग्यांना ढगळ शॉर्ट्स चालत नाहीत, अंगाला घट्ट बसणारी स्विमिंग ट्रंकच लागते, ती इथूनच घेऊन जा.

वीज घेतली तर बुकिंगमध्ये किती अँपियर ते बघा. सहा अँपियर म्हणजे जेमतेम 1,380 वॉट, आणि आपली घरची किटली तीन हजार वॉटची, लावली की फ्यूज गेलाच. छोटी कमी वॉटची किटली घ्या आणि चारशे-पाचशे वॉटचा छोटा राइस कुकर, मग मुगाची खिचडी टेंटच्या दारात अर्ध्या तासात तयार, आणि दिवसभर पाण्यात खेळून आलेली मुलं ती जी खातात ना, घरी कधी खात नाहीत अशी.

आणि आता तूप. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ब्रेक्झिटनंतर इथून युरोपात दूध, चीज, पनीर, तूप, मटण-चिकन काही नेता येत नाही, तपासणीत निघालं तर काढून घेतात. बाळाच्या दुधाच्या पावडरीला सूट आहे, दोन किलोपर्यंत. ताजी फळं आणि भाज्याही नाही, केळं, अननस, नारळ असे मोजके अपवाद सोडले तर, म्हणजे कढीपत्ता आणि मिरच्यांची पिशवी घरीच राहू दे. डाळ, तांदूळ, मसाले, भडंग, खाकरे बिनधास्त न्या. तुपाचं मी काय करते, तिथल्या सुपरमार्केटमध्ये लोणी घेते आणि पहिल्याच संध्याकाळी गॅसवर कढवते. ब्रिटनीत लोणी मिठाचंच जास्त मिळतं, त्यामुळे पाकिटावर ‘दू’ लिहिलेलं बघून घ्यायचं, ते बिनमिठाचं. त्या वासाला एकदा शेजारची फ्रेंच आजी आली होती, तिला तूप-मीठ-भात दिला, तिने दुसऱ्या दिवशी गॅलेट आणून दिले. गॅलेट म्हणजे कुट्टूच्या पिठाचे धिरडेच की, वर अंडं नाहीतर चीज-मशरूम, शाकाहारी माणसाचं ब्रिटनीत बाहेर खायला अडत नाही ते यामुळेच. गॅस मात्र तिकडेच घ्या, निळ्या डब्याचा काँपिंगाझ सगळ्या मोठ्या दुकानांत मिळतो, शेगडी त्याला बसेल अशी हवी. आणि पाऊस असो, थंडी असो, शेगडी किंवा बार्बेक्यू टेंटच्या आत कधीही नाही, विझत आलेलासुद्धा नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत कळतही नाही. हे मी दोनदा सांगते, टेंटच्या आत कधीही नाही.

झोपेचं बोलू. जूनमध्ये ब्रिटनीत सूर्य दहानंतर मावळतो, मुलं साडेआठला झोपणार नाहीत, भांडू नका त्यांच्याशी. काळ्या कापडाची आतली खोली असलेला टेंट मिळतो तो घ्या, आणि नवा घ्यायच्या आधी सप्टेंबरमधले सेकंडहँड बघा, एकदा वापरून लोक विकतात. जमिनीची थंडी खालून येते, म्हणून स्लीपिंग बॅगच्या वर पांघरूण वाढवण्यापेक्षा खाली जाड मॅट किंवा गोधडी घाला, आमच्याकडे आईने शिवलेल्या दोन गोधड्या आता कॅम्पिंगच्याच म्हणून ठेवल्यात. जायच्या आधी एक रात्र घरच्या बागेत नाहीतर जवळच्या एखाद्या शेतातल्या साइटवर झोपून बघा, काय विसरलंय ते तिथे कळलेलं बरं.

कागदांचं सगळ्यात आधी करा, मी शेवटी सांगतेय तरी. आपल्याकडे बऱ्याच घरांत मुलांचा पासपोर्ट ब्रिटिश आणि आईबाबांपैकी एकाचा किंवा दोघांचा भारतीय. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा लागतो, मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45, सहाच्या आतल्यांना फुकट, वर सेंटरची फी वेगळी. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाहीत, आम्ही एका वर्षी मे महिन्यात रोज पहाटे उठून स्लॉट बघत होतो, शेवटी जूनची सुट्टी सप्टेंबरवर गेली. कॅम्पसाइटच्या बुकिंगचं पत्र राहण्याचा पुरावा म्हणून जोडा, म्हणून फुकट रद्द करता येणारं बुकिंग घ्या, आणि प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. ब्रिटिश पासपोर्ट असेल तर तो आत शिरताना दहा वर्षांपेक्षा जुना नको आणि परतीनंतर तीन महिने शिल्लक हवेत. ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झालीय, 12 वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, पण रांगेसाठी वेळ आणि खाऊ हाताशी ठेवा. आणि एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं जीएचआयसी कार्ड, जे तिकडे आजारी पडलं तर सरकारी उपचारांसाठी चालतं, ते अगदी मोफत आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

पत्रांमधून बऱ्याच जणांनी विचारलंय की उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा येतात, त्यांना कसं न्यायचं. न्या, नक्की न्या, पण त्यांचा शेंगेन व्हिसा तिकडूनच, निघायच्या आधी करून घ्या, पाहुणे म्हणून इथे आल्यावर इथून करणं फार अवघड जातं. आणि त्यांना जमिनीवर झोपवू नका. त्याच कॅम्पसाइटवर छोटी लाकडी किंवा पत्र्याची घरं भाड्याने असतात, पलंग, बाथरूम, स्वयंपाकघर सगळं आत, जूनमध्ये ती परवडतात. बुक करताना सांगायचं की आमचा टेंट त्याच्या शेजारच्याच जागेवर द्या. आमच्या सासूबाई गेल्या वेळी तिथे राहिल्या, आणि रोज सकाळी सात वाजता दोन्ही नातवंडं अनवाणी, ओल्या गवतातून, बिस्किटं मागायला त्यांच्या दारात.